एका बाजाराला एकच गोष्ट

आये, तू गेल्यावर दादाने माग चालू ठेवला आणि घोंगडी विकायचं माझ्याकडे आलं. तू नारायणगावच्या बाजारात पोतं अंथरून बसायचीस, मी राजुरीतच ओट्यावर फोन घेऊन बसते. फोटो काढायचे, खाली चार ओळी लिहायच्या, मग पुण्याहून, कुठून कुठून माणसं विचारतात. तुला हे सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, "फोटूवर बूड टेकवून बघत्यात व्हय माणसं?"

कारण तुझ्या बाजारात आधी बसणं होतं. मार्केटला टोमॅटो घालून परत निघालेला कुणी नुसता बघत उभा राहिला की तू घोंगडं पसरायचीस. "बसा की पावणं. घ्या नायतर नका घेऊ, बूड तर टेकवा." तो बसला की तू एक गोष्ट सांगायचीस. एकच. कधी सुताला लावायची चिंचोक्याची खळ कशी शिजवतात ते, कधी लोकर खाणारी कसर लागू नये म्हणून घडीत कडुलिंबाचा पाला कसा घालायचा ते. माणूस उठून जायचा आणि पुढच्या बाजारी पुन्हा यायचा, कधी घोंगडं घ्यायला, कधी नुसताच. एकदा मी मध्ये तोंड घातलं आणि लोकरीचं, मागाचं, सगळं भडाभडा सांगून टाकलं. तो गेल्यावर तू मला झापलंस, "समदं आजच सांगितलं तर पुढल्या बाजारी काय सांगू, तुजं डोस्कं?" मी रुसले. मग तू भेळ आणलीस आणि तिच्यातली मिरची तेवढी स्वतः खाल्लीस.

नारायणगावात आता एक मुलगी छोट्या धंद्यांची जाहिरात करून देते. हुशार आहे, मनानेही चांगली. ती म्हणाली, "ताई, घोंगड्यापेक्षा तुमच्या आईचं लोकांना लई आवडतंय. रोज एक टाका." म्हणून मी तुला रोज टाकत गेले. खळीने राठ झालेले तुझे हात टाकले, मेंढ्यांना नावाने हाका मारायचीस ते टाकलं, जीपवाल्याशी भांडून पुढची सीट घ्यायचीस तेही टाकलं. मागणी इतकी वाढली की दादाला जेवायला फुरसत मिळेना. पण गेलेल्या माणसाच्या आठवणींत नवी भर पडत नाही, आये. माझ्यावर तळ खरवडायची वेळ आली.

एकदा आठवडाभर माझ्याकडून काहीच गेलं नाही, तेव्हा त्या मुलीने स्वतःच लिहून टाकलं, की आई सूत कातताना गाणं म्हणायची. ते सगळ्यात जास्त चाललं. मावशीचा फोन आला, "तुजी आय कवा गानं म्हनत व्हती गं? भजनात बी तिला मागं बसवायचे." आम्ही दोघी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी मी तुझा चरखा झाडायला घेतला, तर डोळ्यांसमोर तू कातायला बसलेली, आणि तू गात होतीस. मी घाबरून तिथेच खाली बसले. तुझं खरं बसणं आठवत राहिले. एक पाय लांब सोडलेला, तोंड मिटलेलं, चरख्याची कुरकुर तेवढी चाललेली. शेवटी आली ती कुरकुर कानात. तेव्हा रडू फुटलं.

त्या मुलीला सांगितलं, गाण्याचं ते काढून टाक. यापुढे आठवड्यातून एकदाच, बाजाराच्या दिवशी, आणि घोंगड्याचंच. आईचं बंद. ती म्हणाली, "ताई, लोक इसरतील हां." तिचं अगदीच चूक नव्हतं. नवे विचारणारे कमी झाले. काही दिवस दादा मागावरचा हात थांबवून माझ्याकडे बघायचा आणि मी फोन पालथा ठेवायचे. मग मी कसरीचं लिहिलं, तर जुन्या गिऱ्हाइकांनी आपापली घोंगडी उन्हात टाकल्याचे फोटो पाठवले. ओतूरहून एक बाई आल्या, काही न घेता तासभर बसून गेल्या. पुढच्या बाजारी त्या पुन्हा आल्या. जिंकले असं अजून म्हणवत नाही, पण माग चालू आहे.

एक दिवस मात्र मी कधीच टाकला नाही. जुन्नरच्या वसतिगृहात जायच्या आदल्या संध्याकाळी तू मला घोंगडं दिलंस. कोकरांची पहिली लोकर, जावळ, तू कधीपासून बाजूला साठवत होतीस. जावळाचं घोंगडं मऊ, बाजारात हातोहात गेलं असतं. तू ते अंगणात पसरलंस आणि म्हणालीस, "बस."

"कशाला?"

"बस माज्यापाशी. उद्या न्हाईस ना तू."

आपण बसून राहिलो. आत चुलीवर दूध उतू गेलं तरी तू उठली नाहीस. त्या दिवशी तू एकही गोष्ट सांगितली नाहीस.

आये, तू हवी होतीस. नुसती शेजारी, न बोलता. हे मी फोनवरच लिहिते आहे, बाजाराचं लिहिते तिथेच, आणि हे कुठेही जाणार नाही. पण तुझ्यापासून काय लपवू? आत्ता ते "माज्यापाशी" लिहिताना डोळे भरून आले, आणि ते पुसायच्या आतच मनात येऊन गेलं, हे लई चालेल.