डोंगरावर हरवलेल्या सोळा ग्रॅमबद्दल

प्रति,
मा. नियंत्रक,
वजनमापे कार्यालय (डोंगर विभाग)

विषय : पृथ्वीने केलेल्या कृत्याबद्दल माझे झालेले निलंबन रद्द करण्याबाबत.
संदर्भ : चौकशी समितीचा अहवाल, पाने एकेचाळीस.

महोदय,

मी या कार्यालयात सत्तावीस वर्षे शिपाई असून महिनाअखेरीस निवृत्त होत आहे. त्याआधी निर्दोष ठरलो नाही, तर चोर म्हणूनच घरी जावे लागेल. म्हणून हा अर्ज.

१. समुद्रकाठच्या मुख्य कार्यालयातून वीस किलोचे पितळी प्रमाण वजन मी मांडीवर घेऊन वर आणले. तेथेच जुळवून सील केलेला नवा इलेक्ट्रॉनिक काटाही सोबत होता. येथे त्याच काट्यावर वजन सोळा ग्रॅम कमी भरले. माझ्या डब्याची झडती झाली. भाजी निघाली, ती जप्त झाली.

२. समितीने वजन व काटा पुन्हा खाली नेला. वजन बरोबर वीस किलो भरले. मी सुटलो असे मला वाटले. समितीने मात्र मी चोरलेले पितळ 'पूर्वपरवानगीशिवाय परत केल्याचा' दुसरा आरोप ठेवला. वजन वर येताच सोळा ग्रॅम पुन्हा गेले. तेव्हा मी निलंबित होऊन घरी बसलो होतो, म्हणून अहवालात मला 'सराईत' म्हटले आहे.

३. माझी मेहुणी शाळेत विज्ञान शिकवते. ती सांगते, पृथ्वी सगळीकडे सारख्या जोराने ओढत नाही. ती मधोमध फुगलेली आहे, स्वतःभोवती फिरते, तिच्या पोटातले खडक कुठे जड तर कुठे हलके आहेत, आणि उंचावर गेले की तिची ओढ कमी होते. आपले कार्यालय तीन हजार मीटरवर आहे. पितळ तेवढेच आहे; काटा ओढ मोजतो. यात माझा हात नाही. एवढा लांब हात असता, तर मी शिपाई राहिलो नसतो.

४. काटा येथे नव्याने जुळवला की प्रश्न मिटतो. त्यासाठी प्रमाण वजन लागते, ते पुरावा म्हणून कपाटात बंद आहे आणि कपाट चौकशी संपल्यावर उघडणार आहे. अडगळीत दोन पारड्यांचा जुना तराजू आहे. एका पारड्यात हे वजन व दुसऱ्यात कार्यालयातील जुने वीस किलो ठेवल्यास दोन्हींना ओढ सारखीच कमी, त्यामुळे खरे कळेल. पण तराजू मोडीत काढलेला असल्याने त्याची साक्ष चालत नाही, असे समितीचे मत आहे.

५. पत्नी म्हणते, "चोरायचंच होतं, तर निदान सोनं तरी चोरायचं!" शेजारी हसतात. मला हसू येत नाही.

६. आपणही गेल्या वर्षी खालूनच बदलून आलात. तेथे आपण ऐंशी किलो भरत असाल, तर त्या काट्यावर येथे चौसष्ट ग्रॅम कमी भराल. तेही माझ्याच नावावर लिहावेत, माझी हरकत नाही.

फक्त निवृत्तीच्या दिवशी कपाट उघडून ते वजन तराजूत मला ठेवू द्यावे. सत्तावीस वर्षांत मी कोणतेही प्रमाण वजन एकदाही जमिनीला टेकू दिलेले नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
शिपाई (निलंबित)
दिनांक : महिनाअखेरीस नऊ दिवस बाकी

सोबत :
(१) मेहुणीने काढलेली पृथ्वीची आकृती
(२) जप्त भाजी परत मिळाल्याची पोच (भाजी नासली होती, वजन केलेले नाही)