आमच्या घराण्याचं पोट

१२ जानेवारी, सोमवार. संध्याकाळ.
आज पोरांच्या शाळेत नर्स आली होती. सिस्टर बेम्पा. सोबत सुतळीचं भेंडोळं. पोराच्या उंचीएवढी सुतळी कापायची, दुमडून अर्धी करायची आणि ती अर्धी पोटाभोवती पुरते का बघायचं. पुरली तर उत्तम. आमच्या ओसेईला पुरली नाही. वर ब्लडप्रेशर चढलेलं, साखर काठावर. वय पंधरा! टर्म संपताना पुन्हा तपासणार. तोवर उतरलं नाही, तर मोठं इस्पितळ आणि गोळ्या.
त्याच्या बहिणीला, सेरवाला, मात्र पुरली म्हणे. हे अशक्य आहे. ओसेईचे हातपाय म्हणजे काड्या. पोट तेवढं पुढे, पण ते घराण्याचं आहे. माझं आहे, माझ्या बाबांचं होतं. उलट त्याची बहीण बाकावर बसली की शेजारी दुसऱ्याला जागा उरत नाही.
निष्कर्ष: चिठ्ठ्यांची अदलाबदल. उद्या शाळेत जाऊन निकाल लावणार. आजपासून सेरवाचा भात बंद.

१३ जानेवारी, मंगळवार.
गेलो. सिस्टर म्हणाली, अदलाबदल नाही. पापा, मांड्यांवरची चरबी झोपाळू असते, पडून राहते बिचारी. पोटाच्या आतली जागी असते. ती लिव्हरला छळते, साखर बिघडवते, काळजावर भार टाकते. पोर काडीसारखं दिसलं तरी आत ती बसलेली असू शकते. वजनकाट्याला कळत नाही, सुतळीला कळतं.
मी म्हणालो, बाई, या कुमासी शहरात निम्म्या टॅक्सींत माझ्या दुकानातलं जुनं इंजिन फिरतंय. आत काय चाललंय ते मला बाहेरून कळतं. ती म्हणाली, मग तर बरंच झालं. आणि माझ्या पोटाकडे बघून हसली. कौतुकानं. बायका बघतातच.
घरी येऊन स्वतः तपासणी केली. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, आतलं सगळं ऐकू येतं. ओसेईच्या छातीला टेकवला. आवाज एकदम गोड. टॅपेट सेट. तेवढ्यात अफ्राकोमा किंचाळली, अहो सेरवाचे बाबा, पोराला भोसकताय काय! लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोला धंद्यातलं अजून काही कळत नाही.

१७ जानेवारी, शनिवार.
सेरवा भातासाठी भांडली. म्हणाली, पापा, माझ्या कमरेचे मणी नाताळात होते तिथंच आहेत, आईला विचारा. आईनं मान डोलावली. आमच्या घरात वजनकाटा नाही, बायकांच्या कमरेला मण्यांचे सर आहेत. पोट सुटलं की सर वर चढतो, रुततो, आणि रुतला की अफ्राकोमा आपणहून कुटलेल्या कंदाच्या फुफूचा गोळा लहान करते. कपड्याच्या आतला मामला, पुरुषांनी बोलू नये. भात चालू केला.
तर दोषी ओसेईच. हरकत नाही. हे काम मी अंगावर घेतो. दुकान शून्यातून उभं केलं, पोराचं पोट काय मोठं.
ठराव: उद्यापासून पहाटे बापलेक धावणार.

२५ जानेवारी, रविवार.
पावसाची लक्षणं वाटल्यानं आठवडाभर धावलो नाही. आज धावलो. वळणावर वाक्ये नावाचा घेवडा-भात विकणारी बसते. काय तो वास! ती ओरडली, बॉस, न थांबता चाललात, माझ्यावर रागावलात की काय? आता गल्लीत वैर कोण घेणार? थांबलो. ओसेई पुढे गेला, चर्चपर्यंत जाऊन आला. मी बाकावरून नजर ठेवून मार्गदर्शन केलं. दुसरी प्लेट नाइलाजानं घेतली, तो परत येईपर्यंत पहिली संपली होती.
अंतराला महत्त्व नाही. सातत्याला आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार.
धावण्याचं खातं ओसेईकडे सोपवलं. तो आता एकटाच जातो. मी आहार खातं बघतो.
मोह घरातून हद्दपार करायचा. त्याच्या गोड माल्ट-सरबताच्या बाटल्या फेकणं पाप, म्हणून मी संपवल्या. तळलेली केळी त्याच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून गाडीत बसून खातो. आम्ही बापलेक एकाच भांड्यात जेवतो, तिथं माझा हात जास्त चपळ. त्यानं एक घास घ्यावा, तोवर मी तीन घेतो. मटण आधीपासून माझंच. पोरासाठी बाप काय काय सोसतो, हे पोरांना बाप झाल्यावर कळतं.
सेरवा म्हणाली, पापा, तुम्ही त्याला वाचवताय की जेवताय? मुलगी तिखट आहे. माझ्यावर गेलीय.

८ फेब्रुवारी, रविवार.
माझे कान वाईट आहेत. नको ते ऐकतात. ओसेई आईला अंगणात विचारत होता, नाना आजोबा बाजारात बसल्या जागी गेले ना, तसं मला होईल का? अफ्राकोमा म्हणाली, वेड्या, म्हणून तर धावतोस. तो म्हणाला, आणि पापांना?
पुढचं ऐकलं नाही. इंजिन चालू केलं आणि उगाच रेस करत बसलो.
बाबा उन्हानं गेले. डॉक्टर काहीतरी वेगळं म्हणाला होता, पण डॉक्टरला उन्हाची सवय नसते.
तरी पोराला धीर द्यायला हवा. त्याच्यासोबत मीही पोट मोजणार. सुतळीशी माझं जमणार नाही, ती शाळकरी पोरांसाठी. मला एक झकास कल्पना सुचली आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
बाजारात पोकुवा मावशीकडून निळ्या मण्यांचा सर ओवून घेतला. कोणासाठी, तिनं विचारलं. बायकोसाठी, म्हणालो. तिनं दोरा लांबवत नेला, अजून लांबवला, मग डोळे वर करून म्हणाली, तुझी बायको एवढी कधी झाली रे?
शर्टाच्या आत बांधला. छान बसला. थोडा गच्च आहे, पण गच्च असलेलाच इशारा देतो. पुरुषानं हे घालायचं नसतं. पण दिसणारच नाही, तर हसणार कोण?

१४ फेब्रुवारी, शनिवार.
मागच्या आळीतल्या म्हाताऱ्या आन्सांचं अंत्यसंस्काराचं जेवण. दर शनिवारी कोणाचं ना कोणाचं असतंच, न जेवता आलं तर मयताच्या घरच्यांचा अपमान. शोकाचं लाल-काळं वस्त्र खांद्यावरून घेतलं. पोट नसलेल्यांचं वस्त्र घसरतं, माझं कधी घसरत नाही. पोटाचा हा उपयोग सिस्टरांना कोणी सांगत नाही.
जोलोफ भात घेतला. पुन्हा घेतला. शेजारच्या टायरवाल्या बोआटेंगनं आग्रह केला म्हणून तिसऱ्यांदा. मग वडीलधाऱ्यांशी हस्तांदोलन करायला उठलो, वाकलो, आणि आत काहीतरी टचकन तुटलं. मणी! वस्त्राखालून टपाटप. फरशीवर उड्या मारत थेट मुख्य शोककर्त्या बाईंच्या पायांशी. मग एक म्हातारी म्हणाली, पोरींनो, आपापल्या कमरा चाचपा, कोणाचा तुटला? सगळ्यांनी चाचपल्या. कोणाचाच नाही. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.
मयताच्या घरात इतकं हसणं मी प्रथमच ऐकलं. आन्सांची विधवाही हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा, असं तिची मुलगी म्हणाली. म्हणजे माझ्यामुळे दुःख हलकं झालं. दोरा निकृष्ट होता.

९ मार्च, सोमवार.
बोआटेंग मला आता ताई म्हणतो. मी हसून घेतो. मोठ्या माणसाला टोपणनाव पडतंच.
प्रकल्पाचा आढावा: ओसेई रोज धावतो, आता चर्चच्या पुढे शाळेच्या मैदानापर्यंत. पँट सैल झाली, आईनं शिवून आत घेतली. माझी तिनं बाहेर काढली. कापड कुठून तरी जुळवायलाच हवं होतं.
जिना चढताना धाप लागते. जिन्याची शेवटची पायरी उंच आहे, गवंड्याला बोलावणार.

२४ मार्च, मंगळवार.
तपासणी झाली. ओसेईला सुतळी पुरली, वर बोटभर उरली. ब्लडप्रेशर खाली, साखर ठीक. गोळ्या नाहीत! मी सिस्टर बेम्पाला माझ्या पद्धतीविषयी सविस्तर सांगायला लागलो. तिनं ओसेईला विचारलं, नक्की काय केलंस रे? तो म्हणाला, धावलो, आणि पापांनी माझं खाल्लं.
सिस्टर हसली नाही. म्हणाली, पापा, आलाच आहात तर उभे राहा. माझ्या उंचीची सुतळी कापली, दुमडली, पोटाभोवती आणली. टोकं एकमेकांना भेटेनात. ती म्हणाली, आता दुमड हातभर सोडून बघू. तेव्हा भेटली, जेमतेम. पट्टा दंडाला बांधून फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला. मग माझ्याशी बोलणं बंद करून ओसेईशी बोलायला लागली.
उद्या मोठ्या इस्पितळात जायचंय. उपाशीपोटी. चिठ्ठीवर लिहिलंय, सोबत घरातलं जबाबदार माणूस आणावं. मी अफ्राकोमाचं नाव सांगणार होतो, पण सिस्टरनं आधीच लिहून टाकलं होतं: ओसेई, मुलगा.
तो आत्ता दारात येऊन म्हणाला, पापा, पेन ठेवा आणि झोपा. घाबरलात का?
मी म्हणालो, छे.
तो आत येऊन बसला आहे. जा म्हणून सांगणार होतो. राहू दे.