आजीसारखी गोरी

प्रिय धाकटे,

आपल्या घरातल्या बायकांची तक्रार एकच. जिन्यात धाप लागली की जो तो डॉक्टर होतो. जेवत नाहीस, जागतेस फार, मनाला लावून घेतेस! तुझा लॉन्ड्रीवाला मालक तर विचारतो म्हणे, "ताई, चादर जास्त पांढरी की तुम्ही?" आणि आपण हसतो. हसणं आता पुरे.

मागच्या महिन्यात कारखान्याच्या फाटकावर माझं भाषण रंगात आलं होतं. "आम्ही भीक मागत नाही, आम्ही..." म्हटलं आणि श्वासच संपला. माईकचा दांडा धरून उभी राहिले. लोकांना वाटलं, बाई काय नेमक्या जागी थांबल्या! टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली उतरताना मी पायरीवर मटकन बसले, तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

दवाखान्यात रक्त निम्म्यावर आलेलं निघालं. इतकी वर्षं लोहाच्या गोळ्या गिळतेय, पण "हे रक्त जातं कुठे?" असं विचारणारी पहिली डॉक्टर तिथे भेटली. तिने दुर्बीण घालून मोठं आतडं तपासलं. आत जागोजागी मांसाचे कोंब होते, पॉलिप म्हणतात त्यांना. त्यांतून थेंब थेंब रक्त झिरपतं, डोळ्यांना दिसतही नाही. बरेचसे काढले, उरलेले पुढच्या खेपेला. वेळेत काढले तर निभावतं. राहू दिले तर एखाद्याचा कर्करोग होऊ शकतो. मी बरी आहे, रडत बसू नकोस.

डॉक्टर म्हणाली, हा आजार आईबापांकडून मुलांकडे येऊ शकतो. मला आपली आई आठवली. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, काय रंग आहे! आपण दोघी फुशारून जायचो. ती ओट्याला टेकून धाप टाकायची, तरी आपल्याला तिचा रंगच दिसायचा. शेवटी पोटात गाठ निघाली, तेव्हा फार उशीर झाला होता. तो रंग नव्हता गं, तिचं रक्त जात होतं.

रविवारी फोनवर तू कौतुकाने म्हणालीस, "ताई, लेक अगदी आजीसारखी गोरी दिसायला लागलीय, नुसती झोपून असते." मी "हो का" म्हणून फोन ठेवला. सभा गाजवणाऱ्या तुझ्या बहिणीला शब्द सुचेना, म्हणून हे पत्र. उद्या लॉन्ड्रीला सुट्टी टाक, लेकीला घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे जा आणि सांग: माझ्या बहिणीच्या आतड्यात पॉलिप सापडलेत, आम्हा दोघींना तपासा.

तुझीच,
ताई