महाराज उठतात

२ फेब्रुवारी, सोमवार
मिळाली! राजाची भूमिका मलाच. शेवटच्या प्रवेशात मुलगा रणात पडल्याची बातमी येते, राजा सिंहासनावरून उठतो, तीन पायऱ्या उतरतो आणि म्हणतो, मला त्याच्याकडे जाऊ द्या. पडदा. अख्खं नाटक त्या उठण्यावर आहे.

संकल्प: माझ्या संधिवाताचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. नट आजारी म्हटला की लोक आधी हळहळतात, मग दुसरा नट शोधतात. दिग्दर्शकांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, तेव्हा फुटबॉल खेळताना लागलं म्हणून सांगितलं. ताई म्हणाली, तू जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाहीस. माझी सख्खी बहीण, पण अभिनयातलं ओ की ठो कळत नाही.

६ फेब्रुवारी
नशीब जोरावर. सकाळी माझे सांधे उघडायला वेळ घेतात, तर तालमीच संध्याकाळवर गेल्या. सकाळी हॉल मिळत नाही म्हणे. मुकुट जड होता, तो पुठ्ठ्याचा केला. पेला बोटांत बसेना, तर दोन कानांचा मोठा पेला आला. दिग्दर्शक म्हणाले, पूर्वीचे राजे असेच प्यायचे. काय अभ्यास आहे माणसाचा!

१० फेब्रुवारी
राणीचं लक्षण काही ठीक नाही. सिंहासन चढताना माझा हात धरते. संहितेत नाही. उतरताना धरते. तालीम संपल्यावर हॉलच्या जिन्यावरसुद्धा! गुंतली आहे बिचारी. योग्य वेळी समजावीन. तोवर धरू दे, जिना उंच आहे.

१३ फेब्रुवारी
काल गुरुवारची तालीम रद्द झाली, हॉलला रंग देताहेत म्हणून. आज जाहिरातीचा फोटो आला. घात! राजा कुठला, गालफुगं बाळ! संधिवातावरच्या त्या बारीक पांढऱ्या गोळीचे प्रताप. पुत्रशोकात बुडालेला बाप नुकताच भरपेट जेवून आल्यासारखा दिसून कसं चालेल? डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, ही गोळी मनाने बंद करायची नाही. बाईंना सांधे कळतात, कला नाही. आजपासून प्रयोगापर्यंत बंद.

रात्री ताईने विचारलं, गोळी घेतलीस? हो म्हणालो. इतका सहज 'हो' रंगभूमीवर क्वचितच ऐकायला मिळतो.

१७ फेब्रुवारी
आरशात गाल उतरलेले दिसले. ताई म्हणते, तिथला दिवा गेलाय.

२० फेब्रुवारी
काल गुरुवार, तालीम पुन्हा रद्द. कारण तेच, रंग. बरंच झालं, अंग ठणकत होतं. मलम आणायला गेलो तर हॉलमध्ये दिवे लागलेले, आणि प्रधानाचं काम करणाऱ्याचा आवाज. रंगाऱ्यांवर लक्ष ठेवायला थांबला असणार. कष्टाळू माणूस.

आज हॉलमध्ये रंगाचा वास अजिबात नव्हता. हल्ली रंग फार चांगले निघालेत.

२४ फेब्रुवारी
टूथपेस्टचं झाकण दातांनी उघडलं. शर्टाची बटणं लागेनात, टी-शर्ट घातला. भूमिका अंगात भिनते आहे, राजा म्हातारा आहे ना. ताई म्हणाली, ही भूमिका नाही, दुखणं आहे. गोळी घेतोस ना रे? हो म्हणालो. हा 'हो' पहिल्याइतका जमला नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार, दुपार
आज प्रयोग. अंगात ताप. गुडघे पावासारखे फुगलेत. राणीला ठणकावून सांगितलं, शेवटच्या प्रवेशात माझ्याजवळ फिरकायचं नाही. मी एकटा उठणार. तिने दिग्दर्शकांकडे पाहिलं. दिग्दर्शकांनी छताकडे पाहिलं. आज उठलो नाही तर नाव बदलीन.

१ मार्च
नाही उठलो.

दूताने बातमी आणली. मी हातांवर जोर दिला. गुडघे म्हणाले, जमणार नाही. पुन्हा जोर दिला. विंगेतून प्रॉम्प्टर माझं वाक्य सांगतोय. अरे बाबा, वाक्य पाठ आहे, पाय विसरलेत! वाटलं, संपलं आपलं. यापुढे कोण काम देणार?

तेवढ्यात प्रधान पुढे आला. म्हणाला, महाराज, आपण नका येऊ, आम्ही त्याला आपल्याकडे आणतो. राणीने मुलाची तलवार माझ्या मांडीवर ठेवली. मग दरबारातला एकेक जण खाली बसला, दूतसुद्धा. मी खरोखर रडलो. टाळ्या थांबेनात.

आधी वाटलं, काय हजरजबाबी मंडळी! मग घरी आल्यावर आठवलं, सगळे बसत गेले तसा प्रकाश विझत विझत फक्त सिंहासनावर उरला होता. नटाला ऐनवेळी काहीही सुचेल, पण दिवा आधीच लावून ठेवावा लागतो. म्हणजे हे सगळं बसवलेलं होतं. गुरुवारी.

३ मार्च
बिछान्यात. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. गोळी सुरू.

मंडळी भेटायला आली. राणी नवऱ्याला घेऊन आली. दिग्दर्शक म्हणाले, तुझ्या ताईने भूमिका ठरायच्या आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. तरी मला तूच हवा होतास, म्हणून दोन्ही शेवट तयार ठेवले. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? म्हणाले, तू इतका जीव तोडून लपवत होतास, तुझं मन मोडवेना. फक्त ते फुटबॉलचं कुणालाच पटलं नव्हतं.

लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, फार बरंही वाटलं.

६ मार्च
गोळी लागू पडली. गाल परत आले. ताईच्या मते ते कुठे गेलेच नव्हते. उद्या दुसरा प्रयोग. तालमीत सिंहासनावरून उठून दाखवलं, कुणाचा हात न धरता! दिग्दर्शक म्हणाले, खाली बस. आता राजा कधीच उठणार नाही. तो धडपडतो आणि त्याला उठता येत नाही, हाच शेवट.

धडपडलो. म्हणाले, खोटं वाटतंय. पुन्हा धडपडलो. म्हणाले, अरे, जरा एखाद्या आजारी माणसाचं निरीक्षण कर!

ताई डबा द्यायला आली होती. तिला म्हणाले, तुम्हीच दाखवा. ती सिंहासनावर बसली. आधी तळवा टेकला, मग कोपर. जरा थांबली. कुणी बघत नाही ना, म्हणून दाराकडे पाहिलं. मग ओठ चावून जोर दिला, आणि पुन्हा खाली बसली. म्हणाली, हा रोज सकाळी असाच उठतो. मी म्हटलं, दार तर मी लावून घेतो! म्हणाली, फट आहे रे.

दिग्दर्शक म्हणाले, हेच. जसंच्या तसं कर.

घरी आल्यापासून तेच करतोय. ताईची सर येत नाही.