माझ्या खुर्चीभोवतीची गर्दी

३ मार्च, सकाळी
रिटायर होऊन महिना झाला. वेळ कसा जातो कळतच नाही. (दुपारी मात्र कळतो.) ठरवलं: रविवारी, १६ तारखेला, संध्याकाळी घरी चहापार्टी. ऑफिसची मंडळी, शेजारपाजारचे आणि लेक. लेकीशी अबोला वगैरे नाही. मी फक्त फोन करत नाही. निरोप समारंभात ती चार लोकांत म्हणाली, बाबांना माणसांपेक्षा माणसांचे ठिपके जास्त आवडतात. सगळे हसले. मीही हसलो, पण मनाला लागलं. आली की मोठ्या मनाने माफ करणार.

५ मार्च
खुर्च्या कुठे मांडायच्या? लोक अंदाजाने मांडतात. मी ऑफिसात आयुष्यभर हेच केलं: शहराच्या नकाशात कुठे किती माणसं जमतील त्याचे ठिपके कॉम्प्युटरवर पाडायचे. आज आमच्या हॉलचा नकाशा सॉफ्टवेअरमध्ये भरला. गर्दी होईल तिथे आकडा मोठा, नाही तिथे लहान. माझ्या आरामखुर्चीभोवती सगळ्यांत मोठा दिला. उगाच विनयापायी मॉडेल बिघडवण्यात अर्थ नाही. दाराशी जवळजवळ शून्य. दारात कोण ताटकळत उभं राहतं?

६ मार्च
रन केलं. कॉम्प्युटर आधी खोलीभर सारखेच ठिपके शिंपडतो, मग एकेका ठिपक्यासाठी नाणेफेक करतो. मोठ्या आकड्याच्या जागी ठिपका बहुधा टिकतो, लहान आकड्याच्या जागी बहुधा पुसला जातो. माझ्या खुर्चीभोवती तोबा गर्दी! पुन्हा रन केलं. पुन्हा गर्दी. दर वेळी वेगळी माणसं, पण सगळी माझ्याकडेच. फार बरं वाटलं.

९ मार्च
दिवसभर रन. खुर्चीच्या डाव्या बाजूला एक ठिपका हमखास येतो. ती लेक. लहानपणी तिथेच बसायची, खुर्चीच्या हातावर. तो ठिपका पडला नाही तर ते रन मी धरत नाही.

११ मार्च
शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंकडून खुर्च्या आणल्या. त्यांनी विचारलं, काय कार्यक्रम? म्हटलं, सिम्युलेशन आहे. त्या बरं म्हणाल्या. तुम्हीही या म्हणणार होतो, पण तत्त्वाचा प्रश्न आहे. मॉडेलमध्ये प्रत्येक ठिपका आपणहून येतो. ओढून आणलेला ठिपका म्हणजे डेटाशी लबाडी. म्हणूनच अजून कुणालाच बोलावलेलं नाही. लेकीला तर मुळीच नाही. बोलावल्यावर काय, कोणीही येतं.

१५ मार्च
कप विसळले. बिस्किटं आणली, खारी आणि गोड दोन्ही. शर्टाला इस्त्री. तयारी चोख.

१६ मार्च, पाच वाजता
खुर्च्या नकाशाप्रमाणे मांडल्या. हवा यावी म्हणून रस्त्याकडची खिडकी उघडली.

सहा
वेळेवर येण्याची आपल्या लोकांना सवयच नाही.

सव्वासात
बेल वाजली! शिवणकामवाल्या बाई. पाहुणे गेले असतील तर खुर्च्या नेते म्हणाल्या. मग हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, मी बसू का थोडा वेळ, चहा घेऊ आपण. म्हटलं, नको नको, मंडळी येतीलच. त्या आल्या तशा गेल्या, उंबरठ्याच्या आतसुद्धा आल्या नाहीत. दाराशी पडलेला ठिपका नियमाप्रमाणे पुसावा लागतो. पुसला.

१७ मार्च
लेकीचा फोन! आपणहून! काल संध्याकाळी मला भेटायला म्हणून आली होती, पार खिडकीपर्यंत. आत मांडलेल्या खुर्च्या दिसल्या. बाबांकडे पाहुणे येणार आहेत आणि आपल्याला बोलावलेलं नाही, असं वाटून तशीच परत फिरली. काय होतं काल, म्हणून विचारत होती. म्हटलं, विशेष काही नाही, थोडे लोक आले होते. ती म्हणाली, छान झालं बाबा, मला उगाच वाटायचं तुम्ही एकटे पडलात. मग फोन ठेवला. ये म्हणायचं राहून गेलं.

दुपारी खुर्च्या परत केल्या. चहासोबत खारी बिस्किटं संपवायला घेतली. सॉफ्टवेअरमध्ये हॉलभर शून्य भरून एकदा रन करून पाहिलं. नुसती रिकामी चौकट आली. एरर येईल असं वाटलं होतं. आली नाही.