चिंचेतला सुभग

प्रिय रोहिणी,

बारा वर्षांनी माझं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल, पडू दे, पण पत्र फाडू नकोस. अगं, सापडला! आज सकाळी साडेसहाला तुमच्याच बांधावरच्या मोहाखाली बसून मी सुभग पक्षी पाहिला.

चिमणीपेक्षा लहान, पोट हळदीसारखं पिवळं, काळ्या पंखावर दोन पांढरे पट्टे. शेजारच्या चिंचेत उलटा लटकून पानांखालच्या अळ्या टिपत होता. आधी त्याने ती लांब शीळ घातली, शेवटी खाली घसरणारी. मग मान वळवली आणि त्याच चोचीतून किरकिर, चकचक! माझ्या डोळ्यांदेखत! एकच पक्षी गं, दोन नाहीत.

कॉलेजच्या सहलीत यावलच्या जंगलात तू हेच सांगत होतीस. मी पुस्तक उघडलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, मोह वेचता वेचता पक्षी ओळखता येत नसतात. सगळे हसले, मीही. शहाणपणाचा मक्ता जणू आम्हा फैजपूरच्या केळीवाल्यांकडेच! त्यानंतर तू एकाही सहलीला आली नाहीस. नर्स होऊन धुळ्याला गेलीस. इकडे माझ्या यादीत शीळवाला वेगळा, किरकिऱ्या वेगळा, दोघांपुढे 'ओळख बाकी'.

चुकलं कुठे ते आज कळलं. आम्ही पक्षीवाले दुर्बीण घेऊन चालत सुटतो. एक आवाज इथे ऐकतो, दुसरा तिथे. मोह वेचणारी बाई पहाटेपासून एका झाडाखाली असते, शेवटचं फूल पडेपर्यंत. आजही मी शिळेमागे फिरत तुमच्या बांधावर पोचले, तर तुझ्या आईने, भुरीमावशींनी, मला हाताला धरून खाली बसवलं. म्हणाल्या, "बैस ना बाई एक जागे. एकच पाखरू शे ते." तासाभरात बारा वर्षांचं कोडं सुटलं. मी आनंदाने ओरडले, तर मावशी मलाच रागावल्या, पाखरू उडेल म्हणून.

टोपली भरल्यावर त्यांनी सहज सांगितलं की दर मोहाच्या हंगामाला तुझा फोन येतो आणि तू आधी विचारतेस, शीळवाला आला का? रोहिणी, मी इतकी वर्षं समजत होते, तू पक्षी सोडलेस. तू मला सोडलं होतंस. पक्षी ओळखायला चुकले, ते चालतं गं. तुझ्या आईच्या कामाला हसले, त्याची लाज वाटते. तेवढ्यासाठीच हे पत्र. माफ कर. रविवारी सकाळच्या गाडीने धुळ्याला येतेय. दार उघडशील?

तुझी म्हणवून घ्यायला आसुसलेली,
मयुरी