एका बाटलीतल्या दोन माद्या

१४ ऑक्टोबर
जामसरचा उतार. गवत छातीएवढं, बायका कापणीला लागलेल्या. पात्याला चिकटून लांबट कोळी, वाळक्या काडीच्या रंगाचे, पुढचे पाय ताणलेले. दोन माद्या घेतल्या. कापणाऱ्यांतल्या येसूने दोन्ही दाखवल्या. म्हणाली, ह्या येगळ्या, एक डोकं वर करून बसते, एक खाली. मी म्हटलं, "जात मी ओळखते. कॉलेजात जन्मभर तेच शिकवलं. तू गवत काप." बायका हसल्या. येसू मग बोललीच नाही. काम लवकर उरकलं.

१५ ऑक्टो.
दोन्ही एकाच बाटलीत, स्पिरिटमध्ये. चिठ्ठी: जात टिबेलस, मादी, २, जामसर. पुण्याच्या संशोधकांना कुरियर. सोबतच्या पत्रात "खात्रीने" असं लिहिलं.

६ नोव्हेंबर
पुण्याहून फोन. सौम्यपणेच बोलले. एक टिबेलस, दुसरी नव्हे. कुठल्याच वर्णनात बसत नाही, नवी जात असू शकेल. जिवंत असताना कशी बसली होती, डोकं कुठे, ती नोंद पाठवा.
नोंद नाही. माहीत असून वही काढून पाहिली. हाच रकाना रिकामा सोडला की कॉलेजातल्या मुलींचे गुण कापायची मी.


८ नोव्हें.
जामसर. उतार बोडका. येसूची भावजय म्हणाली, ती होळीपर्यंत बाहेरगावी कामाला निघाली, मोखाड्याहून जीप.
मोखाड्यात गाठलं. जीपमध्ये, मांडीवर बोचकं. पुण्याहून आलेले दोन्ही माद्यांचे फोटो दाखवले. डोकं खाली करणारी कुठली?
तिने दोन्ही फोटो आलटून पालटून पाहिले. मग, "तुमाला कुठली पायजे, बाई? ती सांगते."
टोमणा नव्हता. तेच लागलं.
म्हटलं, त्या दिवशी मी चुकले, तुझं बरोबर होतं. जीपभर माणसं ऐकत होती. ती ओशाळली, पदर सारखा करू लागली. "दोन्ही पांढऱ्या पडल्या ना आता. जित्या असत्या तर..." गाडी सुटली.

११ नोव्हें.
पुण्याला उत्तर. आधी "डोकं खाली" लिहिलं, अंदाजाने. कुणाला कळलं नसतं. कागद फाडला. पुन्हा लिहिलं: मला माहीत नाही. पाहणारी येसू, तिला मी गप्प केलं.
पोस्टात टाकलं.
होळीला ही माणसं परततात, तेव्हा गवत नसतं. म्हणजे पुढच्या कापणीपर्यंत थांबणं आलं. तिच्या मागून वही घेऊन चालेन. ती येऊ देईल तर.